कपाचे कान बघून टेक्श्चर ओळखायचं: जळगावातल्या प्रोजेक्टच्या नोंदी

हे लिहून ठेवतोय ते माझ्यासारख्या पोरांसाठी, ज्यांच्या कॉलेजात ईबीएसडी (एकेका कणाची दिशा दाखवणारं मायक्रोस्कोपचं तंत्र) नाही, पोल फिगर (कणांच्या दिशांचा नकाशा) काढायची सोय नाही, आणि गाईड सरांनी विषय मात्र दिलाय "ॲल्युमिनियममध्ये जबरदस्त डिफॉर्मेशन आणि नंतरच्या ॲनिलिंगचा टेक्श्चरवर परिणाम". टेक्श्चर म्हणजे धातूतले बारीक कण (क्रिस्टल) कोणत्या दिशेने तोंड करून बसलेत ते, आणि ॲनिलिंग म्हणजे ताव, भट्टीत तापवून नरम करणं. थिअरी पुस्तकात मिळते. हाताने करताना काय काय बिघडतं ते कुठे मिळालं नाही म्हणून इथे.

४ डिसेंबर

कल्पना मामाच्या वर्कशॉपमध्ये आली. मामा एमआयडीसीत ॲल्युमिनियमचे डबे-पातेली करतो. सर्कल (पत्र्याची गोल चकती) प्रेसमध्ये ओढलं की डब्याचा काठ सरळ येत नाही, चार ठिकाणी वर येतो, चार ठिकाणी खाली. मामा म्हणतो "काठाला कान फुटले", आणि दरवेळी काठ कापून भंगारात टाकतो. हे कान म्हणजेच टेक्श्चर. पत्र्यातले सगळे कण एकाच दिशेने तोंड करून बसले असले की पत्रा सगळीकडे सारखा ओढला जात नाही. नुसत्या रोल केलेल्या कडक पत्र्यात कान रोलिंगच्या दिशेला ४५ अंशात येतात, आणि ताव देऊन पूर्ण नरम केलेल्या पत्र्यात क्यूब टेक्श्चर (कणांच्या घनाचे चेहरे पत्र्याला आणि रोलिंगच्या दिशेला समांतर) तयार झालं असेल तर कान ० आणि ९० ला येतात. म्हणजे वर्निअर आणि छोटा कप असला तरी बरंच काही कळतं. सरांना सांगितलं, ते म्हणाले कर, पण एक्सआरडी (एक्स-रेची चाचणी, कणांचे कोणते चेहरे वर आहेत ते सांगते) पण जोड.

९ डिसेंबर

डाय (भोकाचा साचा) आणि पंच (त्यात पत्रा ढकलणारा दट्ट्या). पंच २० मिमी, ब्लँक (ज्याचा कप ओढायचा ती गोल चकती) ३६ मिमी, पत्रा १ मिमी. मोठा कप घेतला असता पण ज्या मशीनवर पट्टी रोल करणार तिथे ४० मिमीपेक्षा रुंद पट्टी सहज जमणार नाही असा अंदाज होता आणि तो बरोबर निघाला. डायचं भोक २२.३ मिमी, तोंडाला ४ मिमीची गोलाई, चांगली पॉलिश केलेली. लेथचं काम, स्टील आणि हार्डनिंग धरून ३८०० रुपये. कप दाबायला मामाचा जुना फ्लाय प्रेस.

१४ डिसेंबर

पहिले बारा कप काढले, बाराच्या बारा वाया. कप छान आले, कानही दिसले, पण कोणता कान रोलिंगच्या दिशेला हे कोण सांगणार? दिशा मार्करने लिहिली होती, ॲसिटोनने पुसताना शाई गेली. आता ब्लँक कापायच्या आधीच मधोमध स्क्राइबरने बारीक रेघ मारतो, ती कपाच्या तळाला शेवटपर्यंत राहते. काठाजवळ रेघ मारू नका, तिथून फाटतो.

१७ डिसेंबर

आज कप एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला बुटका. दोन तास मी त्याचा टेक्श्चरशी संबंध लावत बसलो. मामा नुसतं बघून बोलला, "भाचे, ब्लँक मध्यावर नाही तुझी." बरोबर होता. एकच उंचवटा असेल तर ती सेटिंगची चूक, टेक्श्चरचे कान बहुतेक चार असतात आणि समोरासमोरचे सारखे असतात. डायच्या तोंडावर ३६ मिमीची उथळ खाच करून घेतली, ब्लँक त्यातच बसते. लेथवाल्याने २०० घेतले. ल्युब्रिकंट म्हणून कपडे धुवायचा साबण ओला करून, रोज तोच, तेवढाच. मध्येच ग्रीस लावलं की कपाची उंची बदलते.

२२ डिसेंबर ते ३१ डिसेंबर

साध्या पत्र्याची मालिका. बाजारातला कडक १ मिमी पत्रा, ९९ टक्क्यांवर ॲल्युमिनियम, तसाच ओढला तर कान ४५ ला, उंच आणि खोल जागेतला फरक ०.७ मिमी, कपाची उंची १० च्या थोडी वर. मग तोच पत्रा भट्टीत २००, २५०, ३००, ३५०, ४०० अंशाला एकेक तास. रोज एक तापमान, तीन-तीन कप. २५० लाच कान जवळजवळ नाहीसे आणि ३०० ला ० आणि ९० ला फिरलेले. मला फार आनंद झाला, वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं. सरांनी एकच विचारलं की एवढ्या कमी तापमानाला एवढं पूर्ण कसं झालं, भट्टी तपासली का?

नव्हती तपासली.

४ जानेवारी

भट्टी तपासायची सोपी रीत, खर्च जवळपास शून्य. शुद्ध धातू ठरलेल्या तापमानालाच वितळतो: कथील २३२, शिसं ३२७, जस्त ४१९. कथील कल्हईवाल्याकडून मिळालं, सुपारीएवढा तुकडा मागितला तर त्यांनी पैसे घेतले नाहीत. नमुना जिथे ठेवतो तिथेच चिनी मातीच्या वाटीत ठेवला आणि डिस्प्ले पाच-पाच अंशांनी वाढवत गेलो, दरवेळी वीस मिनिटं थांबून. डिस्प्लेवर १९० असताना कथील वितळलं. शिसं २८५ ला. म्हणजे भट्टी बेचाळीस अंश कमी दाखवत होती. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) मागे सरकून दाराजवळच्या थंड जागेत गेलं होतं, नमुने आत खोल ठेवलेले. शिशाचं काम दार उघडं ठेवून, पंखा लावून करा आणि ती वाटी परत कशालाच वापरू नका.

दहा दिवसांचे आकडे रद्द. खरं म्हणजे रद्द नाही, सगळ्यात ४२ मिळवले, पण मनात शंका राहिली म्हणून पूर्ण मालिका परत केली. यापुढे जे तापमान लिहीन ते नमुन्याजवळचं खरं.

५ ते १२ जानेवारी

परत केलेली मालिका. २०० ला काहीच बदल नाही, ४५ चे कान, ०.७. २५० ला ०.६. २९० च्या आसपास ०.२, म्हणजे ४५ चे कान देणारे आणि ०-९० चे देणारे कण साधारण बरोबरीला आले आणि काठ जवळपास सपाट. ३४० ला कान ० आणि ९० वर, ०.३. ३९० ला ०.४. कॉलेजच्या व्हिकर्स मशीनवर मोजलेला कडकपणा पण त्याच पट्ट्यात खाली येतो, २५० पर्यंत हळूहळू आणि मग धाडकन, शेवटी २६ वर बसतो. साध्या पत्र्यात नरम होणं आणि कान फिरणं सोबतच होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१५ जानेवारी

आता मुख्य काम. जबरदस्त डिफॉर्मेशन द्यायच्या दोन रीती माझ्या आवाक्यात दिसत होत्या. एक ईसीएपी, म्हणजे गज काटकोनातल्या वाटेतून ढकलायचा. त्याची डाय महाग आणि शेवटी गजच हाती येतो, पत्रा नाही, कप कशाचा ओढणार? दुसरी एआरबी. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवायच्या, एकाच पासमध्ये जाडी निम्मी करायची म्हणजे त्या चिकटतात, मग मधून कापून परत एकावर एक. जाडी तीच राहते आणि ताण (स्ट्रेन) साठत जातो, दर फेरीला साधारण ०.८. पाच फेऱ्यांत ४, आणि पट्टीत ३२ थर. ही रीत जपानमधल्या ओसाका विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या शेवटी निघाली आणि तिला लागतं फक्त रोलिंग मशीन.

रोलिंग मशीन जळगावात कुठे नसणार? सोन्याचं गाव आहे. सराफ बाजाराजवळच्या गल्लीत एक आप्पा आहेत, पट्टी-तार ओढून देतात. पण ॲल्युमिनियम म्हटल्याबरोबर हात वर केले, "हाई सोनं नही शे भाऊ, मना रोल खराब व्हतीन." त्यांचं खरं आहे. रोलला चिकटलेलं ॲल्युमिनियम सोन्यात गेलं तर दोघांचं जांभळं ठिसूळ संयुग होतं, पट्टी तडकते. मागच्या खोलीत त्यांचं एक जुनं मोटर लावलेलं मशीन पडून होतं, ते दिलं, भाडं नाही, फक्त परत करताना रोल पॉलिश करून दे म्हणाले. रोल साधारण ६० मिमी व्यासाचे. टेम्पो आणि नवीन बेल्ट मिळून ११०० रुपये.

१९ जानेवारी

पहिला प्रयत्न. पट्ट्या पुढे गेल्या, बाहेर आल्या आणि हातात घेताच पुस्तकाच्या पानांसारख्या उघडल्या.

२० ते २७ जानेवारी

आठवडा फक्त चिकटवण्यात. काय चुकत होतं ते एकेक करून सापडलं.

जाडी निम्मी होतच नव्हती. २ मिमीचा जोड १.३५ वर येत होता, कारण मशीन दाबाखाली थोडं उघडतं. दोन पासमध्ये निम्मी करून बघितली तर अजिबात चिकटत नाही, पहिल्या पासमध्ये घासलेला थर वाया जातो. शेवटी रोलमधली फट ०.६ ठेवली तेव्हा १.० ते १.०५ मिळायला लागलं. पट्टीची रुंदी ४० केली आणि जोड आधी २०० अंशाला पाच मिनिटं गरम केला, तेव्हा मोटर अडकायची थांबली. पट्टीचं पुढचं टोक कानशीने उतरतं करा, नाहीतर रोल धरतच नाहीत, नुसते घसरतात.

दुसरी चूक साफसफाईच्या क्रमाची. मी आधी तारेच्या ब्रशने घासून मग ॲसिटोनच्या फडक्याने पुसत होतो, म्हणजे फडक्यातलं तेल ताज्या पृष्ठभागावर पसरवत होतो. उलटं करायचं. आधी ॲसिटोन, वाळू द्यायचं, मग नव्या कोऱ्या स्टेनलेस ब्रशने घासायचं आणि त्यानंतर बोट पण लावायचं नाही. तो ब्रश दुसऱ्या कशाला वापरायचा नाही. घासल्यावर चहाला गेलो होतो एकदा, वीस मिनिटांनी आलो, तो जोड पण उघडला. आता घासणं, जोडणं, चार कोपऱ्यांना भोकातून ॲल्युमिनियमची तार पिळणं, भट्टीत टाकणं हे सगळं तीन-चार मिनिटांत उरकतो, मामेभाऊ मदतीला असतो.

रोलला ॲल्युमिनियमचे पापुद्रे चिकटतात, कारण तेल लावता येत नाही. ते खरवडू नका. कास्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवलेलं फडकं, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, दहा मिनिटं. ॲल्युमिनियम विरघळतं, स्टीलला काही होत नाही. मग पाण्याने धुवून लगेच पुसायचं, नाहीतर गंज.

३ फेब्रुवारी

पहिली पाच फेऱ्यांची पट्टी पूर्ण! कडेला भेगा पडतात, दर फेरीनंतर दोन्ही कडा मिळून ३-४ मिमी कापाव्या लागल्या, त्यामुळे सुरुवात ५२ मिमीने आणि शेवट ३८ वर. मशीनला ५२ जड जातं हे माहीत होतं, पहिल्या फेरीला मोटरवर हात ठेवूनच उभा होतो. एका पट्टीला पूर्ण दिवस. कडकपणा ६१, सुरुवातीच्या नरम पट्टीचा २६ होता. घरी आलो तर भरीत आणि कळण्याची भाकरी, त्या दिवशी दोन जास्त खाल्ल्या.

११ फेब्रुवारी

एआरबीचे कप, ताव न देता. तीनपैकी एक तळाजवळ फाटला. एकाचा काठ मधल्या थरावर उघडला, कारण शेवटचा जोड फक्त एकदाच दाबला गेलेला असतो, बाकीचे पुढच्या फेऱ्यांत आणखी घट्ट होतात. म्हणून फेऱ्या संपल्यावर एक हलका पास जास्तीचा देऊन बघितला, फरक पडला. कान ४५ ला, पण ०.३५ च. एवढा ताण देऊन कान साध्या कडक पत्र्याच्या निम्मे? मला उलट वाटलं होतं.

२० फेब्रुवारी

एक्सआरडी. एका लॅबमध्ये ओळखीने, नमुन्याला ५०० रुपये, सहा नमुने. यात मी चांगलाच फसलो होतो त्यामुळे नीट लिहितो.

साध्या स्कॅनमध्ये तीन शिखरं बघायची (आकडा म्हणजे कणाचा पत्र्याला समांतर असलेला चेहरा, २०० म्हणजे घनाचा सपाट चेहरा): १११ हे ३८.५ अंशाजवळ, २०० हे ४४.७ जवळ, २२० हे ६५.१ जवळ. कण कसेही पसरलेले असले तर १११ सगळ्यात उंच, २०० त्याच्या साधारण निम्मं, २२० एक पंचमांश. कडक पत्र्यात माझ्याकडे २२० सगळ्यात उंच आलं, ३९० ला ताव दिलेल्यात २००. हे अपेक्षेप्रमाणे.

एआरबीची ताव न दिलेली पट्टी लावली तर त्यात पण २०० उंच. मी ठरवून टाकलं की २०० अंशाला पाच-पाच मिनिटं गरम करण्यातच पट्टीचं रिक्रिस्टलायझेशन (ताणलेल्या कणांच्या जागी नवे कण येणं) होऊन क्यूब तयार झालं. सरांना तसं लिहून पण पाठवलं. रात्री झोप येईना, कारण कडकपणा ६१ आहे, मग ते नरम कसं झालं असेल? आणि कान ४५ ला आहेत, क्यूबचे तर ० आणि ९० ला पाहिजेत.

उत्तर असं की तेल न लावता रोल केलं की रोलच्या घर्षणाने पत्र्याची कातडी घसरते, तिथे शिअरचं टेक्श्चर तयार होतं. त्यातला एक मुख्य प्रकार म्हणजे फिरवलेलं क्यूब: घनाचा सपाट चेहरा वरच, पण घन जागेवर ४५ अंश वळलेला. साध्या एक्सआरडीला फक्त वरचा चेहरा दिसतो, घन कुठे वळलाय ते दिसत नाही. त्यामुळे क्यूब आणि फिरवलेलं क्यूब दोन्हींत २०० उंचच येणार. कप मात्र फरक सांगतो, वळलेल्या क्यूबचे कान पण ४५ ला वळतात. सरांना सकाळी फोन करून सांगितलं की कालचं चुकलं.

२६ फेब्रुवारी

खात्री करायला कातडी काढली. पट्टीच्या एका बाजूला नेलपॉलिशचे तीन हात आणि वरून मेण, मग गरम कास्टिकच्या पाण्यात, दर पाच मिनिटांनी काढून जाडी मोजत. पाव मिमी जायला पाऊण तास. उघड्या गच्चीवर करा, यातून हायड्रोजन निघतो आणि वाफ घशाला लागते, जवळपास विडी-काडी नको. भांडं स्टीलचं. वर काळा थर राहतो तो पातळ नायट्रिकने जातो, ते काम कॉलेजच्या लॅबमध्येच केलं.

आतल्या थरावर २२० उंच. म्हणजे आत रोलिंगचं टेक्श्चर, बाहेर शिअरचं. आणि एआरबीत दर फेरीला बाहेरची कातडी मध्यावर जाते, मग ती परत रोल होऊन बदलायला लागते आणि नवीन कातडी घसरते. पाच फेऱ्यांत अशी सरमिसळ झाली की कोणतंच टेक्श्चर फार जोरदार राहत नाही, म्हणून कान निम्मे. १५ दिवस छळणाऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या पाव मिमीत होतं.

६ ते १९ मार्च

एआरबीच्या पट्ट्यांना ताव, दर तापमानाला एक तास. आता उन्हाळा सुरू, दुपारी वर्कशॉपमध्ये भट्टीजवळ उभं राहवत नाही, पहाटे साडेपाचला सुरू करतो. एकदा मध्येच लाईट गेली, तो नमुना फेकला, अर्धवट तासाचा आकडा कोणालाच उपयोगी नाही.

२०० अंश: कडकपणा ५४, कान ४५ ला, ०.३५.
२५०: कडकपणा ४५, कान ४५ ला, ०.३.
३००: कडकपणा ३१, कान जेमतेम दिसतात, ०.१५, तरी ४५ लाच.
३५०: कडकपणा २७, कान ० आणि ९० ला, ०.१५.

आता साध्या पत्र्याची मालिका शेजारी ठेवा. तिथे नरम झाला की कान फिरले. इथे पट्टी ६१ वरून ३१ वर आली, म्हणजे जवळपास पूर्ण नरम, तरी कान जागचे हलले नाहीत, फक्त बसत गेले. साध्या पत्र्यात थोडेसे नवीन कण जन्मतात आणि जुन्यांना खात सगळीकडे पसरतात, त्यात क्यूबवाले पुढे जातात. एआरबीत कण आधीच एक मायक्रॉनपेक्षा लहान झालेले, त्यांच्या सीमा पक्क्या. ताव दिला की सगळेच जागच्या जागी थोडे थोडे मोठे होतात, कोणी एक दुसऱ्याला गिळत नाही, मग दिशा बदलणार कशी? याला कंटिन्युअस रिक्रिस्टलायझेशन म्हणतात हे पुस्तकात आधी दोनदा वाचलं होतं. कळलं ते हे कप ओळीने टेबलावर मांडले तेव्हा.

२४ मार्च

एक चूक राहिली होती सांगायची. ३५० चा एक नमुना भट्टीतून वाकडा निघाला, लाकडी हातोडीने सरळ केला आणि सारखेपणासाठी परत अर्धा तास भट्टीत टाकला. त्याचा कप ओढला तर भिंत संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत. कास्टिकने एच केल्यावर (पृष्ठभाग थोडा खाऊ दिल्यावर) डोळ्यांनी कण दिसले, काही २-३ मिमीचे. नरम पट्टीला चार-पाच टक्के ताण देऊन परत ताव दिला की कण असे फुगतात. वाकडी निघाली तर तशीच ब्लँक कापा, सरळ करू नका. मामाला हा कप दाखवला तर म्हणाला, असे डबे त्याच्याकडे दरवर्षी थोडे निघतात आणि तो सर्कल पुरवणाऱ्याशी भांडतो. आता तो बघणार आहे की त्याच्याकडेच सर्कल गाडीतून उतरवताना वाकतात का.

२ एप्रिल

मामासाठी वेगळा प्रयोग, प्रोजेक्टमध्ये नाही. त्याच्या सर्कलचा ताव २९० च्या आसपास एक तास ठेवून डबे ओढले, कारण साध्या पत्र्यात तिथेच काठ सपाट आला होता. वीस डबे. काठ आधीपेक्षा कमी कापावा लागला, पण तीन डबे तळाला तडकले, पत्रा पुरेसा नरम नव्हता. ३१० ला परत करायचंय, लग्नसराईची ऑर्डर गेल्यावर.

७ एप्रिल

आप्पांचं मशीन परत केलं, रोल पॉलिश करून. त्यांनी बोट फिरवून बघितलं आणि मान हलवली. एकूण खर्च ११,६०० रुपये, त्यातले ३००० एक्सआरडीचे, आणि चुकांत गेलेले दिवस मोजले तर सव्वीस. डाय-पंच मामाच्या वर्कशॉपमध्ये आहे. जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या कोणाला असंच काम करायचं असेल तर घेऊन जा, पंचाची गोलाई २ मिमी आहे आणि डायच्या डाव्या बाजूला एक बारीक ओरखडा आहे, तिथे साबण थोडा जास्त लावायचा.